माझं बटर, तिचं बटर

बटर ह्या शब्दाचा मला राग आहे. शब्दावर कुणी रागावतं का, असं माझी मुलगी मला फोनवर विचारते. मी म्हणते, रागावतं. सासूवर रागावायची सोय नव्हती, दिरावर नव्हती, मग उरलं कोण? शब्द उलटून बोलत नाही, त्याच्यावर बिनधास्त रागवावं.

माझं माहेर उत्तर गोव्यातल्या मांद्र्याचं. तिथं माझ्या लहानपणी बटर म्हणजे एकच वस्तू होती. मुठीत मावेल एवढं, वरून तांबूस, आतून ठक्क कोरडं, मधूनच एखादा जिऱ्याचा दाणा. नुसतं चावायला गेलं तर दात हलायचा, चहात सोडलं तर फुगून मऊ व्हायचं आणि चमच्याने खाता यायचं. पाव, उंडे, काकणं हे सगळं पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून दारात आणून द्यायचा. बटर त्याच्या टोपलीत नसे. ते खाडीच्या, गोव्याच्या हद्दीच्याही पलीकडून यायचं. माझे वडील काही कामाने केरीला जाऊन फेरीबोटीने तेरेखोल गाठत, तिथून रेडी-शिरोड्याकडे वळत, आणि येताना बेकरीतून कागदात बांधलेलं बटर आणत. ज्या दिवशी बटर आलं त्या दिवशी आम्ही भावंडं आजारी असलो तरी उठून बसायचो.

दह्यातून घुसळून निघतं ते लोणी. डब्यात मिळणारं, पिवळं, खारट, पावाला लावायचं ते मांतेग. हा शब्द पोर्तुगीज गेले तरी मागे राहिला होता. आणि चहात बुडवायचं ते बटर. तीन जिनसा, तीन शब्द, कुणाचा कधी घोटाळा झाला नाही. इंग्रजी कुणाला येत नव्हतं, त्यामुळे सगळे सुखी होते.

बटर हा इंग्रजी शब्द आहे आणि साहेबाच्या घरी त्याचा अर्थ मांतेग होतो, हे मला लग्न होऊन डिचोलीला आल्यावर, माझी मुलगी बोबडं बोलायला लागल्यावर, एका सकाळी सगळ्या घराच्या साक्षीने कळलं. कळवणारी माझी धाकटी जाऊ.

तिचं लग्न होऊन दोनच दिवस झाले होते. पणजीची मुलगी, कॉन्व्हेंटात शिकलेली, बी.ए. माझा दीर बँकेत होता, त्याला अशीच हवी होती. सकाळी सगळे चहाला बसले होते. तिने हातातला पाव सुरीने मधोमध कापला आणि मला विचारलं, "वयनी, बटर आसा?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, ही पणजीची, पण हिला आपल्या माहेरची वस्तू ठाऊक आहे, आणि ती मागतेसुद्धा आहे. मी म्हटलं, "आसा मगे!" आत गेले, वरच्या फळीवरचा डबा काढला. मुलीसाठी राखून ठेवलेली होती ती सगळी बटरं चांगल्या काचेच्या बशीत मांडून तिच्यासमोर ठेवली.

ती बशीकडे बघत राहिली. तिच्या एका हातात उघडा पाव, दुसऱ्या हातात सुरी. आधी दीर फुटला. "वयनी, बटर म्हणजे मांतेग गो! मांतेग!" मग सासूबाईंना हसताना ठसका लागला. मग माझा नवरा. तो खाणीच्या ऑफिसात दिवसभर ट्रकांच्या फेऱ्या मोजणारा माणूस, घरी फारसा हसत नसे. त्या दिवशी हसला. हसली नाही ती फक्त जाऊ. तिने एक बटर उचलून उलटंसुलटं केलं आणि मला गोड आवाजात सांगितलं, "वयनी, हाका आमी रस्क म्हणटात."

ती हसली असती तर मी तिला त्याच दिवशी माफ करून टाकलं असतं. ती मला समजावून सांगत होती.

त्यानंतर घरात एक नवी म्हण तयार झाली. कुणी मीठ मागितलं आणि दुसऱ्याने साखर आणली, की ‘हें वयनीचें बटर जालें.’ दिराने बँकेत दुसऱ्याच्या कागदावर सही केली, वयनीचं बटर. सासऱ्यांनी उलटा सदरा घातला, वयनीचं बटर. घरातली मोलकरीणसुद्धा म्हणायला लागली. आयुष्यात लोकांच्या नावाने रस्ते होतात, माझ्या नावाने ही एवढी म्हण झाली.

आता खरं सांगायचं तर मला जावेचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्दही मवाळ आहे. पोटात दुखायचं. ती माजघरातून गेली की तिच्या पावडरीचा वास मागे राहायचा, त्यावरही मी चिडायची. तिची नखं, तिचे केस, आमच्या घरात कुणाकडे नव्हती तशी तिची फ्लास्कची बाटली. सासूबाई माझ्याशी कामाचं बोलायच्या, तिच्याशी गप्पा मारायच्या. बटरचा आणखी एक अर्थ तुम्हाला ठाऊक असेलच. कुणाची खोटी स्तुती करून त्याला पाघळवणं म्हणजे बटर लावणं. ते तिला छान जमायचं. "आई, तुमच्या हाताचें हुमण पणजेच्या हॉटेलांतय मेळना," असं ती म्हणायची आणि सासूबाई माशाची कढई तिच्याकडे सरकवायच्या. हुमण केलेलं असायचं मी. मला मात्र असं कुणाला लावता आलं नाही. माझं बटर माझ्या माहेरचं, बुडवल्याशिवाय मऊ न होणारं.

तरी हे सगळं मी गिळलं. सासू तिची झाली, होऊ दे. दीर तर तिचाच होता. माझा नवरा कुणाकडे मान वर करून बघणारा नव्हता, ती काळजी नव्हती. पण मग माझी मुलगी तिच्यामागे फिरायला लागली, तेव्हा माझी झोप उडाली.

आधी तिने मुलीला केसांना लावायला रिबिनी दिल्या. मग रंगीत खडू. मग संध्याकाळी बाहेरच्या सोप्यावर बसवून ती तिला इंग्रजी शिकवू लागली. मी आत आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ कातत असायची आणि मधली भिंत अर्धीच असल्यामुळे सगळं ऐकू यायचं. ए म्हणजे ॲपल, बी म्हणजे... आता बी म्हणजे जगात काय थोड्या वस्तू आहेत? बॉल आहे, बॅट आहे, बोट आहे. पण नाही. तिने बी म्हणजे बटर घेतलं. मांतेगेचं चित्रसुद्धा काढलं, चौकोनी, पिवळं. मुद्दाम केलं का? आता तिला विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि खरंही असेल. मी तेव्हाही विश्वास ठेवला नसता, आताही ठेवणार नाही.

माझ्या परीने मी लढा दिला. शिकवणीच्या वेळी मला मुलीच्या डोक्यात उवा दिसायला लागल्या. ऐन ‘व्हॉट इज युवर नेम’च्या मध्येच मी हाक मारायची, "बाय, न्हावपाक ये!" दिवेलागणीला कोण न्हाऊ घालतं? मी घालायची. एकदा खडूंचा डबा सापडेना, तो मीच तांदळाच्या पिंपामागे सरकवला होता. पण मुलगी न्हाऊन ओल्या केसांनी परत सोप्यावर जाऊन बसायची. खडू नव्हते तर दोघी चुलीतल्या कोळशाने फरशीवर लिहायच्या. ह्या सगळ्याचं मला आजही काही वाटत नाही. आईने नाही करायचं तर कुणी?

मग एक दिवस माझी आई मांद्र्याहून आली. बसमधून उतरून, खाणीच्या ट्रकांनी उडवलेल्या तांबड्या धुळीने माखून, पिशवीत कागदाची पुडी घेऊन. वडील थकले होते तरी तिने शेजाऱ्याकरवी शिरोड्याहून बटर मागवलं होतं, नातीसाठी. तिने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं, पुडी सोडली आणि नातीला जवळ घेतलं. "घे गो बाये, बटर खा."

माझ्या मुलीने पुडीत बघितलं आणि म्हणाली, "आजी, हें बटर न्हय. बटर म्हणल्यार मांतेग. हें रस्क."

मी तिला एक धपाटा द्यायला उठलेच होते. पण माझी आई! ती खुळ्यासारखी खूश झाली. नातीचे गाल कुरवाळून म्हणाली, "शिकला गो माझा चेडू! आमका इतकी वर्सां खबरच नाय!" आणि जावेकडे बघून तिने हात जोडले. माझ्या आईने. तिला. माझी आई माझ्या मुलीसाठी तिचे आभार मानत होती. बटराची पुडी तशीच उघडी राहिली आणि मुंग्या लागायच्या आत मीच ती उचलून ठेवली.

त्या दिवसापासून मुलीशी बोलताना माझी जीभ अडखळायला लागली. "चहाबरोबर बटर देऊ?" असं विचारायचं तर ती मला सुधारणार. "रस्क देऊ?" म्हणायचं तर मी हरले. मग मी म्हणायची, "तें दिवूं?" ‘तें’ म्हणून मी ते तिच्या चहात टाकायची आणि ती खायची, हे मात्र सांगायला हवं, रोज खायची, एक सोडून तीन खायची. वर ‘तें आनीक दी’ म्हणायची. आमच्या दोघींत त्या वस्तूला नावच उरलं नाही.

त्याच सुमाराला दिराची पणजीला बदली झाली. दोघं तिकडे बिऱ्हाड करणार म्हटल्यावर मी देवाला नारळ ठेवला. पण नारळ ठेवताना नीट मागायला हवं होतं. आठवडा गेला नसेल, दीर जेवताना म्हणाला, "बायेक आमच्याबरोबर व्हरतां. थंय हिच्या घरासामकार कॉन्व्हेंट आसा. पयलीक थंयच घालूं या. सुटयेक घरा येतली."

मी वाढत होते. माझी मुलगी ती दोघं नेणार, आणि मला ती सुट्टीपुरती.

तुम्हाला त्या दिवसांतल्या आमच्या घराचा अंदाज नाही म्हणून सांगते. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता, त्याआधी कोंकणी राजभाषा झाली होती, आणि ह्या दोन्ही गोष्टी आमच्या घरात जेवणाच्या पाटावर रोज घडत. सासरे मराठीचे. त्यांचं म्हणणं, आपण डिचोलीची माणसं, आपली कीर्तनं मराठी, नाटकं मराठी, आपलं लिहिणंवाचणं मराठी, मुलगी मराठी शाळेत जाईल. दीर कोंकणीचा. त्याचं म्हणणं, घरात आपण कोंकणी बोलतो आणि शाळेत मराठी कशाला? दोघांचा आवाज इतका चढायचा की शेजारी येऊन दारात उभे राहायचे. सासरे ताटावरून उठून जायचे, मग सासूबाई ताट झाकून ठेवायच्या. आणि नातीच्या शाळेचा प्रश्न आला तेव्हा ह्याच दोघांनी काय केलं? दोघांनी मिळून इंग्रजीला होकार दिला. सासरे म्हणाले, "कोंकणींत वचपापरस तें बरें." दीर म्हणाला, "मराठीपेक्षां बरें." दोघांचं भांडण, लोणी तिसऱ्याला.

नवऱ्याला मी एकट्याला गाठून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो बूट काढत होता. बुटांतून तांबडी माती फरशीवर पडली. तो म्हणाला, "म्हज्यावरी ट्रक मेजीत बसपाची पाळी तिजेर येवंक फावना." आपल्यासारखी ट्रक मोजायची पाळी तिच्यावर येऊ नये, हे त्याचं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, म्हणूनच तर मला रडायलाही जागा नव्हती. मुलीचं भलं होतंय आणि आई आडवी पडते, असं कोण ऐकून घेणार? मी मनात एकच धरून राहिले. शाळेत घ्यायच्या आधी मुलाखत होती. तिथे ती नापास झाली की आपोआप घरी राहील. लहान मूल, घाबरेल, रडेल, चड्डीत करेल. देवा, एवढं कर.

उन्हाळ्यात आम्ही पणजीला गेलो. मी, मुलगी, जाऊ आणि दीर. मांडवीवरचा पूल पडलेला होता, म्हणून बेतीला उतरून फेरीबोटीने पलीकडे जावं लागे. मुलगी बोटीच्या कठड्याला धरून जावेला ‘शिप, शिप’ म्हणून दाखवत होती. मी तिच्या फ्रॉकला मागून धरून उभी होते.

शाळेच्या आवारात पोहोचल्यावर दीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "वयनी, थंय सगळें इंग्लिशींत विचारतात. एकल्याकच भितर सोडटात. हिका वचूं दी. तूं भायर बस." जाऊ मान खाली घालून मुलीच्या फ्रॉकची कॉलर नीट करत होती. मी काही बोलायच्या आत शिपायाने नाव पुकारलं आणि त्या दोघी हात धरून आत गेल्या. माझी मुलगी आणि तिची आई, असंच कुणालाही वाटलं असतं. दीर विडी ओढायला फाटकाबाहेर गेला.

व्हरांड्यात खिडकीखाली बाक होता. मी त्या बाकावर बसले. खिडकी उघडी होती.

आतली सिस्टर केरळकडची असावी, तिचं इंग्रजी वेगळंच होतं, पण सावकाश बोलत होती. नाव काय, वय काय, हा रंग कुठला. मुलगी न घाबरता सांगत होती. माझा देव कुठल्या कोपऱ्यात झोपला होता कोण जाणे. मग सिस्टरने विचारलं, सकाळी तू काय खातेस?

"बटर," माझी मुलगी म्हणाली.

तिला पणजीत, कॉन्व्हेंटात, सिस्टरसमोर, सकाळचं खाणं म्हटल्यावर ते आठवलं होतं. आणि नाव माझं आलं होतं.

ब्रेडला लावून? सिस्टरने विचारलं. नो, ओन्ली बटर. नुसतं? किती? थ्री, मुलीने सांगितलं. थ्री बटर. सिस्टरच्या खुर्चीचा आवाज झाला. मग मुलगी आपणहून पुढे सांगू लागली, कुणी न विचारता. माय मदर पुट्स इन टी. इट बिकम्स बिग. देन सॉफ्ट. देन आय ईट विथ स्पून. सिस्टर म्हणाली, बटर, चहात? आणि मग जे शब्द आले ते जावेला उद्देशून, जरा कडक. तुम्ही मुलीला चहात बटर घालून देता? तीन?

मी बाकावर पुढे सरकून बसले. सांग, म्हटलं मनात, सांग की तू तिची आई आहेस. सांग की ते रस्क आहे. तुझा शब्द आहे, तूच सांभाळ.

जावेचा आवाज बारीक झाला होता. ती म्हणाली, मी आई नव्हे, सिस्टर. मी काकी. तिची आई बाहेर बसली आहे. मग ती थांबली, आणि तिने समजावून सांगायला सुरुवात केली की उत्तर गोव्यात एक बिस्किटासारखा पाव असतो, गोल, कडक, त्याला तिथे बटर म्हणतात. तिने चांगलं समजावलं. रस्क हा शब्द तिने एकदाही काढला नाही.

सिस्टर हसू लागली. मोठमोठ्याने हसली, अगदी आमच्या सासूबाईंसारखी, ठसका लागेपर्यंत. आणि म्हणाली की सकाळपासून कितीतरी मुलं आली, सगळी घोकलेलं बोलली, एकाही मुलाने स्वतःच्या घरातलं असं सांगितलं नाही. ह्या मुलीला आम्ही घेतो.

म्हणजे माझं बटर जिंकलं, आणि त्याने माझी मुलगी घालवली. मला हसावं की रडावं कळेना. मी तिथेच बसून राहिले.

दार उघडून मुलगी धावत आली. "आई, माका घेतलें! माका घेतलें!" तिचा चेहरा! असा चेहरा मी घरी कधी पाहिला नव्हता, नव्या रिबिनी मिळाल्या तेव्हाही नाही, काहीच्या काही फुलला होता. ती माझ्या मांडीवर चढली आणि लगेच उतरली, कारण तिला झोपाळे दिसले. ती तिकडे पळाली.

जाऊ मागून आली आणि माझ्या शेजारी बसली. तिने पर्समधून रुमाल काढला. मला वाटलं घाम पुसते आहे. ती रडत होती.

"दोन वर्सां हांव तिका शिकयतां, वयनी," ती म्हणाली. "ए पासून झेड मेरेन. आनी थंय वचून तिणें तुजेंच काडलें. म्हजो एक शब्द काडूंक ना."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता. तो कोपरा मला ओळखीचा होता. आरशात मी तो रोज बघत होते. मी तिची समजूत घातली नाही. तिला मी म्हटलं नाही की तूच शिकवलंस म्हणून ती एवढं बोलली. ते खरं होतं आणि तिने ते माझ्या तोंडून ऐकायची वाट बघितली. मी ऐकवलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या वाटणीला काहीतरी आलं होतं, ते मी लगेच वाटून टाकणार नव्हते. मी नुसती बसले आणि तिला रडू दिलं. बरं वाटलं मला. अगदी गार वाटलं.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. पांढऱ्या झग्यातली, उंच, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने आम्हा दोघींकडे पाहिलं, झोपाळ्याकडे पाहिलं, आणि इंग्रजीत विचारलं की रोज शाळा सुटल्यावर मुलीला न्यायला कोण येणार? एकीच्याच हातात आम्ही मूल सोडतो. फाटकावर रखवालदाराला ती बाई दाखवून ठेवावी लागते. कोण ते सांगा.

जाऊ रुमालात तोंड घालून बसली होती, ती उत्तर देणार नव्हती. दीर फाटकाबाहेर होता. प्रश्न मला कळला होता. अर्ध्या भिंतीपलीकडे बसून नारळ कातता कातता, तिच्यावर जळता जळता, मला दोन वर्षांत पुष्कळ कळायला लागलं होतं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीलाही नाही.

झोपाळा वर गेला की मुलीच्या चपला दिसायच्या. ती ओरडून कुणाला तरी बघ म्हणत होती, काकीला की मला ते ऐकू आलं नाही.

मी उभी राहिले. पदर नीट घेतला. जावेच्या खांद्यावर हात ठेवून मी सिस्टरला म्हटलं, "शी विल कम."

जावेने रुमालातून तोंड वर केलं. जन्मात पहिल्यांदा मी इंग्रजीत बोलले होते, आणि सिस्टरला एका फटक्यात समजलं. तिने मान हलवली आणि जावेला फाटकाकडे घेऊन गेली.